चोवीस पॉइंटांचे काकाजी

माझे सासरे इंदरलाल आणि त्यांचे धाकटे भाऊ चुन्नीलाल नऊ वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते, असं सांगितलं की ऐकणारा लगेच मान डोलावतो आणि विचारतो, "शेतीचा वाद?" शेतीचा वाद असता तर तो तलाठ्यानं, नाहीतर कोर्टानं, नाहीतर दोघांच्या वयानं केव्हाच मिटवला असता. हा वाद अक्षराचा होता. माझा मेहुणा भुवनेश्वर याच्या लग्नाच्या पत्रिकेत मामाजींचं नाव (आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी आणि त्यांच्या भावाला काकाजी म्हणतात) निमंत्रक म्हणून चांगलं ठसठशीत छापलं गेलं, आणि काकाजींचं नाव खाली 'विनीत' मंडळींच्या गर्दीत, एक खतवाले आणि एक निवृत्त कंडक्टर यांच्या मधोमध, मुंगीच्या मापाचं पडलं.

काकाजी भूमोजणी खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी खिशातून स्टीलची पट्टी काढली आणि भर मांडवात नाव मोजलं. "दोन मिलिमीटर," ते म्हणाले. "माझ्या सख्ख्या पुतण्याच्या लग्नात मी दोन मिलिमीटरचा." आणि न जेवता निघून गेले. पंगत त्यांच्याच अंगणात होती, त्यामुळे ते फार लांब गेले नाहीत, पण दार लावून घेतलं ते नऊ वर्षं.

सालेकशाकडच्या त्या गावात दोघांची घरं एका भिंतीनं जोडलेली. पाण्याची मोटर बंद करायची असली की मामाजी आपल्या म्हशीला मोठ्यानं सांगत, "मोटर बंद कर म्हना, टाकी भरली." पलीकडून मोटर बंद होई. म्हैस या व्यवहारात कधी पडली नाही, पण तिच्याशिवाय तो चालतही नव्हता.

मी या गावचा जावई. नाव हेमेंद्र रहांगडाले, राहणार गोंदिया, व्यवसाय कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवणे. या भांडणात पडायचं मला काहीच कारण नव्हतं. मला फक्त एक डिजिटल स्क्रॅपबुक करायचं होतं.

झालं असं, की दोघा भावांच्या थोरल्या बहिणीला, रुख्मा आत्याबाईंना, पंचाहत्तर पूर्ण होणार होती. आत्याबाई देवरीला चौतीस वर्षं नर्स होत्या. आई लवकर गेल्यामुळे या दोन भावांना त्यांनीच वाढवलेलं, आणि अजूनही दोघंही त्यांच्यासमोर बसताना आधी टोपी नीट करतात. "मले साडी नोको, शाल नोको, हार तर बिलकुल नोको," त्यांनी फोनवर माझ्या बायकोला, योगेश्वरीला, बजावलं. "आमचे जुने फोटो कुठी गेले ते दाखवा. बस."

मी नुकताच एक ऑनलाइन वर्ग केला होता. तीन रविवार, विषय 'डिजिटल स्क्रॅपबुक आणि अक्षरयोजना'. म्हणजे वहीत फोटो चिकटवून भोवती नक्षी काढतात तेच, फक्त कॉम्प्युटरवर; डिंकाशिवाय. शिकवणाऱ्या बाईंनी तीन नियम दिले होते. एका पानावर दोनच प्रकारचे फॉन्ट. मजकूर थोडका. आणि माणसांच्या चेहऱ्यावर अक्षर कधीही येऊ द्यायचं नाही. हे नियम मी सुवाच्य अक्षरात वहीत उतरवून घेतले, आणि त्यानंतर त्यातला एकही मोडायचा ठेवला नाही.

पहिला अडथळा मजकुराचा. तेवीस वर्षं मुलांना 'रसग्रहण करा' म्हणणाऱ्या माणसाच्या हातात अचानक एक कोरं पान आणि एक फोटो आला तर काय होणार? आत्याबाई नर्सच्या गणवेशात सायकल धरून उभ्या आहेत असा एक सुरेख फोटो होता. मी त्याला एकशे चाळीस शब्दांची ओळ लिहिली. सुरुवात 'काळाच्या अथांग प्रवाहात' अशी होती. योगेश्वरी शाळेत गणित शिकवते. तिनं पान पाहिलं.

"आत्या कुठे आहे?"

"मागे आहे."

"कशाच्या मागे?"

"परिच्छेदाच्या."

गणिताचे शिक्षक उत्तर चुकलं की नुसती खाली रेघ मारतात, तसं तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मजकूर सत्तर शब्दांवर आणला, मग तीसवर, मग दहावर. मराठीच्या अध्यापकाला आपलंच विशेषण कापताना काय होतं ते बाहेरच्या माणसाला कळणार नाही. 'अथांग' काढायला मला दोन दिवस लागले.

खरा घोळ मात्र फोटोंचा होता. भांडणानंतर घरातल्या फोटोंचीही वाटणी झाली होती. अर्धे मामाजींच्या पेटीत, अर्धे काकाजींच्या कपाटात. मी आधी मामाजींकडे गेलो. त्यांनी फोटो दिले, पण हात फोटोंवरच ठेवून.

"त्याचे बी फोटो घेऊन राहिले का?"

"घ्यावे लागतील मामाजी. आत्याबाईंचे निम्मे फोटो तिकडे आहेत."

"घ्या ना. मी काऊन नाही म्हनू? पन एक सांगतो जवाईबापू, मोठ्याचं नाव मोठंच पायजे. हे काही मी नाही बनवलो. जगाची रीत हाये."

मग भिंतीला वळसा घालून काकाजींकडे. त्यांनी फोटो पाकिटात घालून, पाकिटावर क्रमांक टाकून, यादीवर माझी सही घेऊन दिले. आणि मग चष्मा काढून म्हणाले, "नाव बरोबरीचं पायजे. मले मोठं नोको. पन त्याच्यापेक्षा एक सूत कमी दिसलं, तर मी कार्यक्रमाले येनार नाही. आक्कीले काय सांगाचं ते तुमी सांगा." आत्याबाईंना दोघं भाऊ आक्की म्हणत.

दोघांनाही मी 'बघतो' म्हणालो. मराठीत 'बघतो' हा शब्द फार उपयोगी आहे. मी तो एकाच सकाळी, भिंतीच्या दोन्ही बाजूंना, दोन वेगवेगळ्या अर्थांनी वापरला. परत येताना गाडीत मला आपल्या भाषेचा अभिमान वाटत होता. गोंदिया येईपर्यंत तो उतरला. एक नाव दुसऱ्यापेक्षा मोठं हवं, आणि दुसरं पहिल्याच्या बरोबरीचं हवं. योगेश्वरी म्हणाली, "याला उत्तर नाही." गणितात नसेल, मी म्हणालो.

शेजारचे दुर्गाप्रसादजी रेल्वेतून निवृत्त झालेले. ते मूळचे कुठले हे त्यांनाही नक्की आठवत नाही, पण हिंदी त्यांची अशी की गोंदिया स्टेशनवर तीस वर्षं गाड्या त्यांच्याच आवाजात उशिरा आल्या. माझी अडचण ऐकून ते हसले.

"मास्टरजी, आप साइज में उलझ गए. साइज छोड़ो, फाँट पकड़ो."

"म्हणजे?"

"मतलब, बारा नंबर का जूता पहलवान का भी होता है और मुंशीजी का भी. दिखता किसका बड़ा है?"

त्यांनी मला त्याच दुपारी साठ फॉन्ट पाठवले. त्यांच्या पुतण्याचा कुठेतरी पत्रिका छापायचा धंदा होता, त्याच्या जुन्या कॉम्प्युटरमधले. त्यांची नावंही तशीच. राजयोग, मोरपंख, शहनाई. शहनाईनं मला जिंकलं. त्यातलं प्रत्येक अक्षर पंगतीत दोनदा बसून उठल्यासारखं गुबगुबीत होतं. मी 'इंदरलाल' शहनाईत लिहिलं, चोवीस पॉइंट मापाचं. 'चुन्नीलाल' साध्या सरळ फॉन्टमध्ये लिहिलं, तेही चोवीस पॉइंट. आकडा दोन्हीकडे तोच. पण डोळ्यांना इंदरलाल चांगले सव्वापट दिसत होते. शोध लावणाऱ्यांना शोध लागल्यावर काय वाटत असेल ते मला त्या क्षणी कळलं. मी योगेश्वरीला हाक मारली. ती पाहून म्हणाली, "ही फसवणूक आहे." मग थोडं थांबून म्हणाली, "पण चालेल."

शहनाई हा फॉन्ट जुन्या जातीचा होता. म्हणजे त्यात मराठी टाइप करायला इंग्रजी कळा दाबायच्या, आणि वरून मराठी दिसायचं, आतमध्ये इंग्रजीच. र्‍हस्व इकार सापडायला मला अर्धा दिवस लागला, रुख्मामधला 'ख्म' जुळवायला दीड. पण एकदा हात बसल्यावर मी थांबलो नाही. सव्वीस पानांचा सगळा मजकूर मी शहनाई आणि मोरपंखमध्ये केला. शीर्षकं, तारखा, गावांची नावं, आत्याबाईंचं नाव, सगळं. फक्त 'चुन्नीलाल' एवढं एक साध्या फॉन्टमध्ये राहिलं, कारण काकाजींनी मागाहून आणखी एक अट घातली होती की नाव सातबाऱ्यावर असतं तसं दिसलं पाहिजे.

मग नमुना पास करून घेणं आलं. मामाजींनी छापलेलं पान हातभर लांब धरलं आणि बराच वेळ पाहिलं.

"माझं मोठं हाये?"

"दिसतंय ना मामाजी."

"दिसून तर राहिलं. पन त्याच्या नावाले खाली उकार, वर वेलांटी. वरची बी जागा त्याचीच, खालची बी त्याचीच. माझ्या नावाले खाली काहीच नाही."

"तुमच्या नावावर अनुस्वार आहे, मामाजी. तो त्यांच्यावर नाही."

हे त्यांना पटलं. अनुस्वाराची प्रतिष्ठा वाढवण्याचं काम व्याकरणाच्या तासाला मला कधी जमलं नव्हतं.

काकाजींनी अर्थात पट्टी काढली. "हे त्याचं एक मिलिमीटर जास्त भरून राहिलं."

मी लॅपटॉप उघडला आणि दोन्ही नावांवर एकेकदा क्लिक करून वरच्या चौकोनातला आकडा दाखवला. चोवीस. चोवीस. काकाजी त्या आकड्याकडे पाहत राहिले. पट्टी खोटं बोलू शकते, कागद आकसू शकतो, पण रजिस्टरमध्ये लिहिलेला आकडा म्हणजे आकडा, हे त्यांच्या चाळीस वर्षांच्या नोकरीचं सार होतं. त्यांनी पानाच्या कोपऱ्यात 'बरोबर' असं लिहून सही केली.

मी जिंकलो होतो. त्या आठवड्यात मी कॉलेजात मुलांशीही फार प्रेमानं वागलो.

आता सभागृह. कार्यक्रम गावातच, ग्रामपंचायतीच्या सभागृहात करायचं ठरलं, कारण तिथं पडदा आणि प्रोजेक्टर होता. त्यासाठी अर्ज. आता ज्या माणसाच्या हाताशी साठ फॉन्ट आहेत, तो अर्ज साध्या अक्षरात करील का? मी शहनाईत केला. वर मोरपंखात 'श्री', खाली एक कमळ, कारण कमळ त्याच फाइलमध्ये होतं. ग्रामसेवक दुलीचंद यांनी तो दोन्ही हातांनी घेतला, वाचला, हात जोडले.

"येतो ना सर. घरच्यांले बी आनतो."

मला वाटलं किती सौजन्य. चार दिवसांनी सभागृहाचं काय झालं विचारायला फोन केला तेव्हा ते म्हणाले, "कायचं सभागृह? अर्ज कुठी दिला तुमी?"

"रविवारी दिला ना, हातात."

"ते आमंत्रन होतं ना जी?" ते खरोखर गोंधळले. "मी तर घरी कॅलेंडरजवळ लावून ठेवलो."

दुसरा अर्ज साध्या अक्षरात, कमळाशिवाय दिला. सभागृह मिळालं. ग्रामसेवक सहकुटुंब येणार हे आधीच ठरलं होतं.

निघायच्या आदल्या दिवशी योगेश्वरीनं एक शहाणपणाची गोष्ट सांगितली आणि मी ती ऐकली नाही. ती म्हणाली, "सगळी पानं चित्रं करून जतन कर. म्हणजे मग अक्षरं कुठे हलणार नाहीत." मी म्हणालो, तिथं ऐनवेळी मामाजी किंवा काकाजी काही बदल सांगतील, फाइल उघडीच राहू दे. माझं कारण तसं योग्य होतं. मी अजूनही म्हणतो, योग्य होतं.

रविवारी सकाळी अकरा. सभागृहात दीडशे माणसं. पुढच्या रांगेत मधोमध आत्याबाई, पांढरी साडी, मनगटावर घड्याळ. गाडी पाठवतो म्हटलं तरी देवरीहून बसनंच आल्या होत्या. "बसमध्ये ओळखीची मानसं भेटतात," त्या म्हणाल्या. भेटली असणारच, त्या भागातली निम्मी माणसं त्यांच्याच हातून जन्माला आलेली. त्यांच्या उजव्या बाजूला पाच खुर्च्या सोडून मामाजी, डाव्या बाजूला पाच खुर्च्या सोडून काकाजी. अंतर दोन्हीकडे सारखं होतं. काकाजी आधी येऊन खुर्च्या मोजून बसले होते.

मी लॅपटॉप काढला. प्रोजेक्टरची वायर त्यात बसेना. वायर जाड, भोक बारीक. दुलीचंदजी म्हणाले, "आपला कॉम्प्युटर हाये ना, त्याले लागलीच हाये वायर. पेनड्राइव्ह लावा." मी पेनड्राइव्ह लावला. फाइल उघडली. दिवे बंद झाले.

पहिलं पान. आत्याबाईंचा मोठा फोटो, भोवती वेलबुट्टी, सुंदर. आणि वर, जिथं 'आदरणीय रुख्मा आत्याबाई' असायला हवं होतं, तिथं एक इंग्रजी एफ, दोन चौकोनी कंस, टक्क्याचं चिन्ह, डॉलर, आणि उलटा स्वल्पविराम.

पंचायतीच्या कॉम्प्युटरमध्ये शहनाई नव्हती. मोरपंख नव्हता. साठांपैकी एकही नव्हता; होता तो फक्त साधा सरळ फॉन्ट. वरचा मराठी पेहराव उतरला होता आणि आतलं इंग्रजी उघडं पडलं होतं.

"इंग्रजीत केलं काय जी?" मागून कुणीतरी विचारलं.

"हिशेब असन," दुसरा म्हणाला.

मी घाईनं पुढचं पान लावलं. कंस, टक्के, आणि मध्ये स्वच्छ, सरळ, सातबाऱ्यासारखं: चुन्नीलाल. पुढचं पान. कंस, टक्के, चुन्नीलाल. त्याच्या पुढचं. डॉलर, डॉलर, चुन्नीलाल. तिसऱ्या पानानंतर लोकांनी इतर चिन्हं वाचायचं सोडून दिलं. पडदा बदलला की मागची पोरंसोरं एका सुरात म्हणू लागली, "चुन्नीलाल!" सव्वीस पानांच्या स्क्रॅपबुकमध्ये वाचता येणारा शब्द एकच होता, आणि तो ज्याला फक्त बरोबरी हवी होती त्याचा होता.

मामाजी उठले. मी अंधारातही ओळखलं, कारण त्यांनी उठताना खुर्ची सरकवली नाही. रागावलेला माणूस आवाज न करता उठतो. ते दाराकडे गेले आणि चपला शोधू लागले. योगेश्वरी त्यांच्यामागे गेली. मी पुढची कळ दाबली, कारण दुसरं काही सुचत नव्हतं.

पडद्यावर सायकलचा फोटो आला. वीस वर्षांचे मामाजी सायकलवर एक पाय टेकून, मागच्या कॅरिअरवर सोळा वर्षांचे काकाजी, मांडीवर पुस्तकं, दोघंही धुळीनं माखलेले. दहावीचा शेवटचा पेपर होता त्या दिवशी शाळेतल्या कुणीतरी काढलेला. त्याखाली मी लिहिलं होतं, 'इंदरलाल आपल्या चुन्नीलालला परीक्षेला नेताना.' पडद्यावर होतं: कंस, टक्का, स्वल्पविराम, चुन्नीलाल, कंस.

"चुन्नीलाल!" पोरं ओरडली.

"बंद करा!"

काकाजी उभे होते. त्यांचा आवाज मी नऊ वर्षांत इतका मोठा ऐकला नव्हता. "जवाईबापू, हे काय लिवलात? सायकल कोन चालवून राहिला? मी चालवून राहिलो काय? त्याचं नाव कुठी हाये?"

"काकाजी, फॉन्टची जरा..."

"फॉन्ट गेला चुलीत! माझ्या भावाचं नाव कुठी हाये?" ते पडद्यापाशी गेले आणि त्या कंसावर बोट ठेवलं. "एकशे दोन ताप होता त्याले. तापात सायकल हानली यानं. सहा पेपर. रोज जानं-येनं बावीस किलोमीटर. आनि इथं माझं नाव अन् त्याच्या जागी टक्का?"

दाराकडून, एका पायात चप्पल घातलेले मामाजी म्हणाले, "अठरा."

काकाजी वळले. "काय?"

"बावीस नाही. अठरा. जाताना नऊ, येताना नऊ."

"नऊ कसे? नाल्याकडून गेलो आपन. नाल्याकडून अकरा भरते. मी मोजलो हाये."

"तू केव्हा मोजलास गा? तू तर मागं बसून भूगोल वाचून राहिला होतास."

"नोकरीत लागल्यावर मोजलो. साखळी टाकून."

"कायले?"

काकाजी जरा अडखळले. "असंच. किती दूर नेलास ते पाहाचं होतं."

मी दिवे लावावेत की नाही या विचारात होतो, तेवढ्यात आत्याबाईंनी मागे न वळता हात वर केला. चौतीस वर्षं प्रसूतीच्या खोलीत वापरलेला तो हात. त्यापुढे सगळे थांबतात. "इंदर, चप्पल काढ अन् इथं ये. चुन्नी, तू बी. कंसात काय लिवलं ते आता तुमीच सांगा. पुढचा फोटो लावा, बापू."

मी पुढचा लावला. आणि मग जे झालं ते माझ्या दहा शब्दांच्या ओळींना कधी जमलं नसतं. दोघं भाऊ पडद्याच्या दोन बाजूंना उभे राहिले आणि बोलू लागले. हा फोटो कुठला, हे कोण, ही गाय कुणाची. मामाजी सांगत, काकाजी दुरुस्त करत. काकाजी वर्ष सांगत, मामाजी म्हणत ते वर्ष दुष्काळाचं, त्या वर्षी गाय नव्हती. एकमेकांना खोडून काढण्यात त्यांना इतका आनंद होत होता की नऊ वर्षांची थकबाकी एका दुपारी वसूल व्हावी. आत्याबाई दोघांनाही चूक ठरवून तिसरंच सांगत. आणि दर दोन फोटोंनंतर तिघं मिळून माझ्याकडे वळत.

"अन् हा काय लावला इथं? मोराचं पीस?"

"डिझाइन आहे, मामाजी."

"फोटोत आमच्या बुढ्या बापाचा हात हाये, तो पिसाखाली गेला."

"अन् हे पान भगवं काऊन केलं?" काकाजी म्हणाले. "डोळे दुखून राहिले."

"बरोबर हाये चुन्नीचं," मामाजी म्हणाले. "डोळे दुखून राहिले."

'बरोबर हाये चुन्नीचं.' हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलं. त्यासाठी मला वेलबुट्टी, रंगसंगती, अक्षरयोजना आणि स्वतःची अब्रू अशा चार गोष्टी द्याव्या लागल्या. कुणीही अध्यापक इतक्या कमी किमतीत असं वाक्य मिळवू शकणार नाही. दारात उभी असलेली योगेश्वरी तोंडावर पदर धरून हसत होती, की रडत होती. अंधारात ते कळलं नाही, आणि नंतर तिनंही सांगितलं नाही.

शेवटचं पान आलं. नागऱ्याच्या शंकराच्या जत्रेतल्या फोटोवाल्यानं काढलेला एकच फोटो. बारा वर्षांच्या आत्याबाई, त्यांच्या एका बाजूला सात वर्षांचे मामाजी, कडेवर तीन वर्षांचे काकाजी. तिघांच्याही डोळ्यांत ऊन. खाली मी चार ओळींची कविता केली होती, माझीच. ती पूर्णपणे टक्क्यांत निघाली होती, आणि खरं सांगतो, मला वाईट वाटलं नाही.

आत्याबाई पडद्याजवळ गेल्या. "हे पुसता येते का?"

"येतं, आत्याबाई."

"पुसा. अन् फक्त नावं लिवा. तिघांची."

मी कविता पुसली. तिच्या जागी पंचायतीच्या कॉम्प्युटरवर होता त्या एकुलत्या एका साध्या फॉन्टमध्ये तीन नावं टाइप केली, एकाखाली एक. रुख्मा. इंदरलाल. चुन्नीलाल. मग माझा हात माउसवर थांबला. दोन्ही बाजूंना दोघं भाऊ उभे. मागे दीडशे माणसं. मी विचारलं, "किती मोठं करू?"

दोघांनी बहिणीकडे पाहिलं.

आत्याबाईंनी चष्मा काढून पदरात धरला आणि डोळे बारीक केले. "मले चष्म्याबिगर वाचता आलं पायजे."

मी चोवीसवरून छत्तीस केलं. "नाही दिसत," त्या म्हणाल्या. अठ्ठेचाळीस. "धुरकट." साठ. "अजून," मामाजी म्हणाले. बहात्तर. "वाढवा ना, कायले घाबरून राहिले?" काकाजी म्हणाले. शहाण्णव झालं, तेव्हा नावं फोटोवर चढली. चेहऱ्यावर अक्षर येऊ देऊ नये, असं मला शिकवलं होतं. मी एकशे वीस केलं. आता मागची माणसंही ओरडू लागली होती, अजून, अजून, आणि त्यात दुलीचंदजींचा आवाज सगळ्यांत मोठा होता. एकशे चौरेचाळीस. पडद्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत अक्षरंच अक्षरं.

"थांबा," आत्याबाई म्हणाल्या. आणि पहिलीतल्या मुलीसारखं बोट हवेत फिरवत, मोठ्यानं वाचलं, "रुख्मा. इंदरलाल. चुन्नीलाल."

टाळ्या किती वेळ चालल्या ते मी मोजलं नाही, काकाजींनीही नाही. फोटोतले तिन्ही चेहरे अक्षरांखाली पार झाकून गेले होते. पण ते तिघं पडद्यासमोरच उभे होते, एकमेकांना खेटून, त्यामुळे कुणाचं काही अडलं नाही.